थर्मोस्टॅट काढून टाकायची रीत कुठून आली

नवतपा लागला की विदर्भातल्या तालुक्याच्या गावी गॅरेजपुढे बॉनेट उघडलेल्या गाड्या दिसू लागतात. गाडी हीट मारते आणि इलाज बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो: "वॉल काढून टाका." वॉल म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. तो काढल्यावर तापमानाचा काटा काही दिवस खाली राहतो आणि मालकाची खात्री पटते की हा भाग थंड देशांसाठीच बनवला असणार. समज चुकीचा आहे, पण उगाच पडलेला नाही. त्यामागे जुन्या गाड्या आहेत आणि इथलं पाणी आहे.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात थर्मोस्टॅट नव्हताच. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीच्या बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढायचं, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरायचं, एवढ्यावर काम भागायचं. त्याआधी १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाख यांनी ८,०७० बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला होता. त्यात ९ लिटर पाण्यात इंजिन थंड राहू लागलं. पंप आले, रेडिएटर सुधारले, तशी उलटी अडचण उभी राहिली: इंजिन गरजेपेक्षा जास्त थंड राहू लागलं. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, आणि जळणातून तयार झालेलं पाणी ऑइलमध्येच साचून राहतं.

यावर आलेले पहिले थर्मोस्टॅट भात्यासारखे होते. पितळेच्या घडीदार डबीत लवकर उडणारा द्रव भरलेला असे. त्याची वाफ झाली की डबी फुगून झडप उघडे. पुढे पाणी उशिरा उकळावं म्हणून रेडिएटरला दाबाचं झाकण आलं आणि हा भाता अडचणीचा ठरला, कारण तो तापमानाइतकाच पाण्याच्या दाबालाही दबायचा. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्ने यांनी मेणाची गोळी वापरली. ठरलेल्या तापमानाला मेण वितळतं, फुगतं आणि दांडा ढकलून झडप उघडतं; दाबाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. आजही दुकानात मिळणारा थर्मोस्टॅट त्याच तत्त्वावर चालतो. काठावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, तो झडप उघडायला सुरुवात होण्याच्या तापमानाचा. ८२ चा थर्मोस्टॅट साधारण ९५ अंशांना पूर्ण उघडतो, तेव्हा झडप सुमारे ८ मिलिमीटर उचललेली असते.

विदर्भात ही यंत्रणा लोकांच्या ओळखीची झाली ती अँबॅसिडर, जीप आणि पुढे काळी-पिवळीमुळे. त्या काळी इंजिनात कूलंट, म्हणजे गंज रोखणारं आणि उशिरा उकळणारं द्रव, घालायची पद्धत नव्हती. हापशीचं, विहिरीचं, जे मिळेल ते पाणी ओतलं जायचं. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. काळ्या खडकाच्या इतर भागांतही बोअरचं पाणी बहुधा जड असतं. असं पाणी तापलं की त्यातला चुना धातूवर बसतो. पाणी उकळून उडालं, पुन्हा ओतलं, की थर आणखी जाड. चुन्याचा थर तांब्याच्या मानाने शंभरावा हिस्साही उष्णता वाहून नेत नाही. रेडिएटरच्या नळ्या अर्ध्या बुजल्या, गळती थांबवायला कुणी हळद टाकली, वर मे महिन्यात ४५ अंशांचं ऊन. अशा गाडीत थर्मोस्टॅट चुन्याने जाम होऊन बंदच राहिला, तर तो काढणं हाच खरोखर सर्वांत जवळचा उपाय होता. पुष्कळ जुन्या इंजिनांत त्याने फार बिघडतही नसे: हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, बिडाचं, पंखा इंजिनच्या पट्ट्यावर सतत फिरणारा, आणि बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी इंजिनातच परत फिरवणारी, वाट अरुंद. रेडिएटर तांब्या-पितळेचा असल्यामुळे कारागीर टाकी सोडवून नळ्यांत सळई घालून साफ करून द्यायचा.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि गणित बदलू लागलं. ॲल्युमिनियमचं हेड, विजेचा पंखा, थोडं पाणी. पुढच्या गाड्यांत रेडिएटरही ॲल्युमिनियमचे आले, टाक्या प्लॅस्टिकच्या. त्यांत सळई चालत नाही, आणि खारं पाणी ॲल्युमिनियम पोखरतं. कार्ब्युरेटर जाऊन कॉम्प्युटर आला, तेव्हा पाण्याच्या तापमानावरून पेट्रोलचं माप ठरू लागलं. थर्मोस्टॅट नसेल तर डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, पारा १० अंशांखाली असताना, इंजिन अजून थंडच आहे असं धरून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज घसरतं, काही गाड्यांत इंजिनचा दिवा लागून पी ०१२८ हा, इंजिन हवं तितकं तापत नसल्याचा, कोड येतो.

सगळ्यांत मोठा धोका मात्र उन्हाळ्यातलाच आहे. स्प्रिंगच्या टोकाला दुसरी चकती असलेला थर्मोस्टॅट हातात आला तर तो कधीही काढून टाकू नये. इंजिन तापल्यावर तीच चकती बायपास बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा राहतो, आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच घुमतं. "वॉल काढला तरी गाडी गरमच होते, पाणी फार जोरात पळतं म्हणून थंड होत नाही," असं सांगितलं जातं. पाण्याचा वेग हे खरं कारण नाही. हा उघडा बायपास आहे.

थर्मोस्टॅट बदलायचं काम घरी होण्यासारखं आहे. इंजिन पूर्ण थंड हवं, उन्हाळ्यात तीन-चार तास तरी. गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. रेडिएटरच्या खालच्या नळाने दोनेक लिटर पाणी काढलं की पातळी बहुधा थर्मोस्टॅटच्या खाली जाते. लहान गाड्यांत थर्मोस्टॅटच्या हाउसिंगला, म्हणजे त्याच्यावरच्या कव्हरला, साधारण दोन बोल्ट असतात, १० नंबरच्या पान्याचे. जुनं पॅकिंग लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावं. पात्याने ॲल्युमिनियमवर चरा पडला की तिथूनच पाझर सुरू होतो. स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, आणि काठावरची छोटी हलती पिन वर, म्हणजे अडकलेली हवा तिथून निसटते. रबरी रिंग नवीच घालावी. बोल्ट आळीपाळीने, सुमारे १० न्यूटन-मीटर. लांब दांड्याचा पाना लावला की आटे हमखास जातात.

बसवण्याआधी नवा थर्मोस्टॅटही तपासावा. झडपेत दोरा चिमटून तो पातेल्यातल्या पाण्यात टांगावा, तळाला टेकू देऊ नये. पाणी तापल्यावर ठरलेल्या अंशाला झडप उघडते आणि थर्मोस्टॅट दोऱ्यावरून सुटतो. निवल्यावर झडप पुन्हा घट्ट मिटली पाहिजे.

त्याच वेळी होज पाईप दाबून पाहावेत. क्लिपजवळ फुगलेला, मऊ पडलेला किंवा दाबल्यावर करकरणारा पाईप बदलावा. रेडिएटरचं झाकणही पाहावं: त्यावर ०.९ किंवा १.१ असा दाब लिहिलेला असतो. ०.९ चं झाकण धड असेल तर साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं; रबर चिरलं असेल तर शंभरालाच. थर्मोस्टॅटवर संशय घेण्याआधी झाकण बदलून पाहणं केव्हाही स्वस्त.

कूलंट भरताना एक चूक सर्रास होते. नळ उघडून सगळं पाणी निघत नाही, लिटरभर इंजिनात उरतंच. म्हणून शेवटचं धुणं बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरने करावं. गाडीची क्षमता ४ लिटर असेल तर आधी २ लिटर न मिसळलेलं कूलंट ओतावं, मग वरून डिस्टिल्ड वॉटर. तयार मिसळलेलं कूलंट ओतलं तर उरलेल्या पाण्यात ते आणखी पातळ होतं. बर्फाचं भय इथे नाही, पण गंज रोखायला आणि उकळबिंदू वाढवायला ते हवंच.

भरताना अडकलेली हवा काढण्यासाठी गाडीचं तोंड चढावर ठेवावं, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, आणि कूलंट हळूहळू ओतावं. इंजिन चालू करून बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहावी, मग झाकण लावून पंखा दोनदा चालू-बंद होऊ द्यावा. वरचा पाईप आधी कोमट राहून एकदम गरम झाला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. हात पंख्यापासून दूर ठेवावा. विजेचा पंखा कधीही सुरू होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनात, पातळी पुन्हा पाहावी. ती थोडी उतरलेली असतेच.

काढलेलं कूलंट अंगणात सांडू नये. चवीला ते गोड लागतं आणि गुरांना, कुत्र्यांना विषारी असतं. गोठ्याजवळ काम असेल तर झाकणाच्या डब्यातच धरावं.