संवेदना: मज्जातंतूतून साहित्यात

मधुमेह झालेल्या माणसाच्या तळपायाला हलकेच टोचून डॉक्टर ‘संवेदना आहे का’ हे तपासतात आणि कोणाच्या निधनानंतर आपण व्यक्त करतो तीही ‘संवेदना’च. अठराव्या शतकातील युरोपात ‘सेन्सिबिलिटी’ हा शब्दही असाच शरीर आणि मन या दोन्हींसाठी वापरात आला, आणि त्यामागे शरीरशास्त्राचा मोठा वाटा होता.

१७५२ साली आल्ब्रेख्त फॉन हालर या शास्त्रज्ञाने जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे आपले प्रयोग मांडले. जिवंत प्राण्याचा एखादा अवयव उघडा करायचा, प्राणी शांत होईपर्यंत थांबायचे, मग त्या जागी उष्णता, मद्यार्क, तीव्र आम्ल किंवा सुरीचे टोक लावून तो तडफडतो किंवा ओरडतो का हे पाहायचे, अशी त्याची रीत होती. अशा १९० प्राण्यांवरून त्याने दाखवले की आकुंचन पावणे हा स्नायूंचा गुण आहे, तर संवेदना मज्जातंतूंमुळे होते; स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना मात्र ती नसते. या क्रौर्याचा आपल्याला तिटकारा वाटत होता आणि केवळ मानवजातीच्या हितासाठी आपण तो बाजूला सारला, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. आल्प्सवर दीर्घकाव्य लिहिणारा कवीही हाच, हे वाचताना मन अस्वस्थ होते.

मज्जातंतूंची ही भाषा साहित्यात आधीच शिरू लागली होती. नाजूक मज्जातंतूंच्या विकारांवर १७३३ साली ग्रंथ लिहिणारा डॉक्टर जॉर्ज चेन हा कादंबरीकार सॅम्युअल रिचर्डसनचा मित्र होता आणि त्याच्यावर उपचारही करी. लॉरेन्स स्टर्नच्या १७६८ मधील प्रवासकादंबरीत तर नायक योरिक पॅरिसमधील एका दुकानदारणीचे मनगट हाती घेऊन नाडी मोजत बसतो. वीस ठोके होऊन तो चाळीसाकडे निघालेला असताना तिचा नवरा आत येतो. मनातली भावना बोटांखाली मोजता यावी, ही कल्पना त्या काळाची आहे.

मात्र तलम मज्जातंतू हे उच्चकुलीनांचे, विशेषतः स्त्रियांचे लक्षण ठरले, आणि या कौतुकाच्या आड स्त्रियांची विचारशक्ती खुंटवली जाते, हे स्त्रीहक्कांची पुरस्कर्ती लेखिका मेरी वॉलस्टनक्राफ्टने १७९२ मध्ये ठणकावून सांगितले. तिचा आक्षेप मला पूर्णपणे रास्त वाटतो. तरीही त्याच काळात, १७८९ साली, तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने म्हटले की प्राण्यांना विचार करता येतो का किंवा बोलता येते का हा प्रश्नच नाही, त्यांना यातना होतात का, हा आहे. प्राण्याचे ओरडणे हालरसाठी मज्जातंतूची खूण होती. बेंथमने यातनेलाच न्यायाचा आधार मानले.