व्हिंटेज आणि क्लासिक: रांग एकच, हिशेब वेगळे

मोटारींचा कुठलाही उत्सव घ्या, त्यात जुन्या गाड्यांच्या क्लबाचा एक कोपरा असतोच. सभासदांच्या गाड्या ओळीने उभ्या, एखाद-दुसऱ्याचं बॉनेट उघडं, आणि मालक हातात फडकं घेऊन लोकांच्या बोटांचे ठसे पुसतोय. बघणारे मात्र १९२८ च्या रोल्स-रॉइसलाही व्हिंटेज म्हणतात आणि शेजारच्या, पन्नाशीच्या दशकातल्या, ‘डुक्कर’ टोपणनावाच्या फियाटलाही. मालक बिचारा हसून सोडून देतो.

व्हिंटेज हा काळाचा शब्द आहे. जुन्या गाड्यांच्या क्लबांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, वयानुसार वर्ग पाडले आहेत. त्यात १९०४ पर्यंतची गाडी ‘अँसेस्टर’, १९०५ ते १९१८ ‘व्हेटरन’ आणि १९१९ ते १९३० ‘व्हिंटेज’. ही रेघ कायमची आहे. १९५५ ची फियाट आणखी शंभर वर्षं जपली तरी ती या यादीत व्हिंटेज होणार नाही. आपल्याकडचे क्लब जरा उदार. बऱ्याच ठिकाणी रेघ १९४० च्या आसपास ओढतात आणि त्यानंतरच्या गाड्या क्लासिकमध्ये घालतात.

खरी गंमत क्लासिकची. आपण तो शब्द ‘व्हिंटेजपेक्षा थोडी नवी’ या अर्थाने वापरतो, पण अमेरिकेत १९५२ साली स्थापन झालेल्या क्लासिक कार क्लबच्या लेखी वय पुरेसं नाही, गाडीचं घराणं लागतं. त्यांच्या ‘फुल क्लासिक’ यादीत १९१५ ते १९४८ मधल्या निवडक, उंची गाड्याच बसतात. म्हणून १९२८ ची रोल्स-रॉइस फँटम व्हिंटेजही आणि क्लासिकही. त्याच वर्षीची फोर्ड मॉडेल ए व्हिंटेज खरी, पण त्यांच्या क्लासिकमध्ये तिला जागा नाही, कारण ती चारचौघांची गाडी. मला स्वतःला हा भेद जरा खानदानी वाटतो. चारचौघांच्या गाड्या बघायला मला जास्त आवडतं.

पाटी न वाचता ओळखायचंय? मडगार्ड अंगापासून सुटे, दाराखाली पाय ठेवायची फळी आणि दिवे वेगळे उभे दिसले तर गाडी बहुधा दुसऱ्या महायुद्धापूर्वीची. मडगार्ड अंगात विरघळले आणि दिवे त्यांतच बसले की युद्धानंतरची. यात एमजी टीसी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार हमखास फसवते. तारांची चाकं, सुटे मडगार्ड, सगळं जुन्या वळणाचं, पण ती बनायला लागली १९४५ मध्ये.

एवढं पाठ करून आरटीओत गेलात तर तिथे तिसरंच गणित. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात असलेली, चासी (खालचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली खाजगी दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. इथे ‘क्लासिक’ नावाचा खानाच नाही. क्लबाची रेघ जागेवर उभी असते, सरकारची दरवर्षी पुढे सरकते. शिवाय क्लबाच्या पाटीवर गाडी बनल्याचं साल असतं आणि सरकार मोजतं नोंदणीपासून, त्यामुळे दोन्ही आकडे जुळतीलच असं नाही.

याचा परिणाम मुंबईकराला गमतीचा वाटेल. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट १९७४ मध्ये खाजगी म्हणून नोंदली गेली असेल, तर २०२४ पासून ती सरकारदरबारी व्हिंटेज ठरू शकते. तिचीच धाकटी बहीण प्रीमियर पद्मिनी टॅक्सी झाली, तर तिला मुंबईत २० वर्षांची मर्यादा लागू. त्या नियमाने शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आणि क्लबाच्या रांगेत? तिथे दोघीही फार तर क्लासिक.

व्हिंटेज म्हणून नव्याने नोंदणी करायला २०,००० रुपये लागतात, ती १० वर्षं चालते आणि पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं, म्हणजे आपल्याकडे ‘एमएच व्हीए’. आधीच नोंदलेल्या गाडीला मात्र जुना नंबर ठेवता येतो. मुंबई राज्याच्या काळातली ‘बीएम’ने सुरू होणारी पाटी जपणारे मालक त्यामुळे खुशीत आहेत, त्यांच्यासाठी ती पाटी म्हणजे अर्धी गाडी. बाकी अशी नोंदणी झाली की गाडी प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला न्या. रोज ऑफिसला मात्र नेता येत नाही.