बिकट परिस्थितीतील लहान चमू व व्यक्तिमत्त्व

पाणबुडी, समुद्रातली तेलाची रिग, शिडाची नौका, अंटार्क्टिकातला हिवाळी तळ किंवा अवकाशयान अशा ठिकाणी मोजकी माणसे दीर्घकाळ एकत्र राहतात आणि मनात आले तरी तिथून उठून जाता येत नाही. तिथे कामाचा दर्जा माणसांच्या स्वभावावर किती अवलंबून असतो, हा मानसशास्त्राचा एक अभ्यासविषय आहे. निवडलेले सगळेच कामात तरबेज असतात. म्हणूनच पुढे स्वभावाचा फरक ठळक होतो.

मुंबईला हा विषय जवळचा आहे. शहराच्या पश्चिमेला सुमारे १६० किमीवर, समुद्रात, ‘मुंबई हाय’ हे १९७४ मध्ये सापडलेले तेलक्षेत्र आहे. जुहूहून हेलिकॉप्टरने जायचे, चौदा दिवस तिथे आणि चौदा दिवस घरी, अशी तिथली रुळलेली पाळी. बारा तासांची ड्युटी संपली तरी सोबती तेच. जेवणाच्या टेबलावर झालेली कुरबुर दुसऱ्या दिवशी कामावर येते, आणि रुसलेला माणूस धोक्याची बारीकशी खूण सांगायची टाळतो. स्वभावाचा सुरक्षिततेशी संबंध येतो तो इथे.

भावनिक स्थैर्य, काटेकोरपणा आणि जुळवून घेण्याची वृत्ती हे गुण अशा ठिकाणी उपयोगी पडतात. बहिर्मुखतेचे तसे नाही. मैफल रंगवणारा माणूस पहिल्या आठवड्यात हवाहवासा वाटतो. पण त्याला सतत नवे काही लागते, आणि बंद जागेत नवे काहीच नसते. आपल्यात रमणारा, कमी बोलणारा माणूस तिथे बरेचदा जास्त टिकतो. त्याला घुमा ठरवणे हा अन्यायच.

मॉस्कोत २०१० ते २०११ या काळात मंगळप्रवासाची नक्कल म्हणून सहा पुरुष ५२० दिवस बंद कक्षांत राहिले. त्यांनी नोंदवलेल्या आपसांतल्या खटक्यांपैकी ८५ टक्के खटक्यांत सर्वाधिक ताण व थकवा असलेल्या दोघांचा संबंध होता. मात्र बाहेरच्या नियंत्रण कक्षाशी उडालेल्या खटक्यांची नोंद आपसांतल्यांच्या पाचपट निघाली. आतल्यांवर न काढता येणारा राग दूरच्या माणसावर निघतो, असा याचा एक अर्थ लावता येतो.

भारतातले ठळक उदाहरण नौदलाचे. दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये मुंबईहून निघून ‘म्हादेई’ या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्याला स्वतःशी पटवून घ्यावे लागते. सहाजणींचा प्रश्न वेगळा. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी सप्टेंबर २०१७ मध्ये गोव्याहून ‘तारिणी’ या सुमारे १७ मीटर लांबीच्या नौकेतून निघाल्या आणि २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी परतल्या. दोंदे यांनी त्यांना तयार केले होते. त्याआधी २०१६ मध्ये ‘म्हादेई’वरून मॉरिशस आणि केप टाउनच्या सफरी झाल्या होत्या. कोण रात्रीच्या पहाऱ्याला कुरकुरते आणि कोण न सांगता चहा करून आणते, हे कळायला अशाच सफरी लागतात. प्रश्नावलीतून ते दिसत नाही.