आयर्न क्रॉस कसा बनायचा, आणि कडीवरच्या नंबरांचा घोळ

आयर्न क्रॉस हे जर्मन लष्करी पदक म्हणजे अख्खा लोखंडाचा तुकडा असं बरेच जण धरून चालतात, पण तो तीन भागांचा असतो. मध्ये काळा केलेला लोखंडी गाभा आणि पुढून-मागून चांदीच्या चौकटीचे दोन अर्धे भाग, गाभा आत बसवायचा आणि कडेने झाळून टाकायचं. 1813 मध्ये प्रशियाच्या राजाने नेपोलियनविरुद्धच्या लढाईसाठी हे पदक काढलं तेव्हा गाभा ओतीव होता. पुढे 1870, 1914 आणि 1939 ला ते परत सुरू केलं, पण बांधणीची कल्पना तीच राहिली.

पहिल्या महायुद्धात दुसऱ्या श्रेणीचे सुमारे 50 लाख क्रॉस वाटले गेले, म्हणजे हे काम आता एखाद्या सोनाराचं राहिलं नाही, कारखान्यांचं झालं. बर्लिन, फोर्झहाइम, लुडेनशाइड ही त्यातली मोठी गावं. सोन्याची इतकी टंचाई होती की 1916 पासून प्रशियाचा सगळ्यात मानाचा निळा क्रॉससुद्धा (पूर ल मेरित) सोन्याऐवजी मुलामा दिलेल्या चांदीचा यायला लागला.

आता खरा घोळ. ज्याला पदक मिळालंय त्याला दुसऱ्या गणवेशासाठी जादा नग दुकानातून स्वतःच्या पैशाने घेता यायचा. 1941 च्या सुमारास सरकारी वाटपाचा माल आणि दुकानातला माल वेगळा ओळखता यावा म्हणून कारखान्यांच्या नंबरांच्या दोन वेगळ्या मालिका झाल्या. सरकारी मालावर नुसता आकडा, दुकानातल्या मालावर एल आणि तिरपी रेघ मारून आकडा. पण कारखाना एकच असायचा! लुडेनशाइडच्या एकाच कारखान्याचा सरकारी नंबर 4 आणि दुकानाचा एल/16, त्यामुळे नवीन माणूस हे दोन वेगळे कारखानदार समजतो आणि एल दिसला की "हा नकली" म्हणून मोकळा होतो, जे साफ चूक आहे. त्यात दुसऱ्या श्रेणीच्या क्रॉसवर नंबर असतो तो रिबिनीच्या कडीवर, आणि ती कडी पकडीने दोन मिनिटांत बदलता येते. माझ्या मते नुसत्या कडीवर विसंबून जास्त पैसे मोजणं धोक्याचं आहे. पहिल्या श्रेणीचं बरं, तिथे नंबर मागच्या बाजूला किंवा पिनवर असतो.

चौकट सगळ्यांची चांदीचीच असेल असंही नाही. 800 चा शिक्का असला तर चांदी, नाहीतर पुष्कळदा जर्मन सिल्वर, म्हणजे तांबं, निकेल, जस्त, चांदी शून्य (आपल्याकडे ज्याला जर्मनचं पातेलं म्हणतात ते ॲल्युमिनियम, त्याचा याच्याशी संबंध नाही).

इतर बिल्ल्यांचं तर युद्ध लांबलं तसं फार वाईट झालं. आधी टॉम्बॅक, म्हणजे भरपूर तांब्याचं पितळ, त्यावर मुलामा छान टिकायचा, ते तांबं लढाईला गेलं आणि जस्त आलं. जस्तावर मुलामा टिकत नाही, फोड येतात, सगळं करडं पडतं, म्हणून करडा बिल्ला दिसला की लगेच नकली म्हणू नका.

पश्चिम जर्मनीच्या 1957 च्या कायद्याने जुनी पदकं स्वस्तिक काढून वापरायला परवानगी मिळाली आणि मधे ओकची पानं आली. नवे नग ठोकायचं काम लुडेनशाइडमध्येही झालं, आणि युद्धानंतर जुन्या डायवर (म्हणजे ठोकायच्या साच्यावर) किती चौकटी ठोकल्या गेल्या यावरून जाणकारांत अजून जुंपते. डायला बारीक चीर पडली की ती पुढच्या प्रत्येक चौकटीवर उमटते आणि वाढत जाते, त्यामुळे कुठला नग आधीचा आणि कुठला नंतरचा हे भिंगाखाली ती चीर बघूनच लावावं लागतं.