विश्वातले इलेक्ट्रॉन मोजणारे रेडिओ स्फोट

दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीने मार्च 2024 मध्ये टिपलेला एक रेडिओ स्फोट, म्हणजे अवकाशातून क्षणभर आलेला रेडिओ लहरींचा झोत, 2025 साली बातम्यांत गाजला. जेम्स वेब दुर्बिणीने त्याची दीर्घिका हुडकली तेव्हा ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशलहरी किती ताणल्या गेल्या याचं माप) निघाली 2.148, म्हणजे स्फोट झाला तेव्हा विश्वाचं वय जेमतेम 3 अब्ज वर्षं होतं. अशी बातमी आली की परग्रहवासीयांच्या संदेशाची चर्चा सुरू होते. वास्तविक एप्रिल 2020 मध्ये आपल्याच आकाशगंगेतल्या एका मॅग्नेटारने, म्हणजे प्रचंड चुंबकीय क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्याने, असाच स्फोट करून दाखवला आहे. परग्रहवासीयांच्या नादात या स्फोटांचा खरा उपयोग मात्र झाकला जातो.

स्फोट असतो काही मिलिसेकंदांचा. पण आपल्यापर्यंत पोहोचताना त्यातल्या जास्त वारंवारतेच्या लहरी आधी येतात, कमी वारंवारतेच्या मागाहून. वाटेतले मोकळे इलेक्ट्रॉन याला कारणीभूत आहेत. लहर जाताना ते डोलतात. वारंवारता जितकी कमी तितके जास्त डोलतात आणि लहरीची गती तितकी मंदावते. वारंवारता निम्मी केली की विलंब चौपट. शाळेतल्या लोलकाने केलेलं प्रकाशाचं अपस्करण आठवा. इथे लोलक अब्जावधी प्रकाशवर्षं जाड आहे. हा विलंब मोजला की वाटेत किती मोकळे इलेक्ट्रॉन भेटले, याची थेट बेरीज हाती येते. मोकळेच! हायड्रोजनच्या अणूत बांधलेला इलेक्ट्रॉन या बेरजेत जवळजवळ धरलाच जात नाही.

इथेच आरंभीच्या विश्वाचा संबंध येतो. महास्फोटानंतर सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांनी इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकत्र आले आणि विश्व उदासीन वायूने भरलं. पुढे पहिल्या ताऱ्यांच्या आणि दीर्घिकांच्या अतिनील किरणांनी ते अणू पुन्हा फोडले. या पुनर्आयनीभवनाला पहिली सुमारे 1 अब्ज वर्षं लागली, पण ते नेमकं कधी आणि कसं पसरत गेलं, यावर अजून वाद आहेत. पार्श्वप्रारणातून, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या, सगळीकडून येणाऱ्या प्रारणातून, इलेक्ट्रॉनांचा एकूण परिणाम कळतो, त्याचा कालक्रम फारसा नाही. क्वेसारचा, म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांचा, प्रकाश तर इतका संवेदनशील, की दहा हजारांत एक अणू उदासीन असला तरी शोषला जातो. मग अर्धा वायू उदासीन होता की सगळा, हे त्यातून सांगता येत नाही.

वेगवेगळ्या अंतरांवरचे स्फोट मात्र कालक्रम सांगतील. अंतर वाढेल तसं अपस्करण वाढत जाईल, पण उदासीन काळात शिरल्यावर वाढ थांबेल, कारण तिथे मोजायला मोकळे इलेक्ट्रॉनच नाहीत. आलेख जिथून सपाट होऊ लागतो, तोच पुनर्आयनीभवनाचा काळ.

आता थोडं गणित. ताम्रसृती z असलेल्या ठिकाणी वायूची घनता आजच्या (1+z)³ पट असते. तिथे लहरीची वारंवारताही (1+z) पट असल्याने विलंब वर्गाच्या प्रमाणात घटतो, आणि विश्वाच्या प्रसरणाने तोच विलंब इथे (1+z) पट ताणलेला दिसतो. हिशेब जमवला तर प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वाटा (1+z) ने भागला जातो. याचा सुंदर परिणाम असा, की स्फोटाच्या स्वतःच्या दीर्घिकेतल्या वायूची लुडबुड, जी जवळच्या स्फोटांत फार सतावते, ती दूरच्या स्फोटांत आपोआप क्षीण होते.

तितके दूरचे स्फोट अजून सापडलेले नाहीत. पण मॅग्नेटार जड, अल्पायुषी ताऱ्यांतून जन्मत असतील, तर आरंभीच्या विश्वातही त्यांची वाण नसावी. अडचण शोधण्याची आहे. अशा स्फोटाचं अपस्करण नेहमीच्या एककात (पार्सेक प्रति घन सेंटिमीटर) 5 ते 6 हजार असेल, म्हणजे 800 मेगाहर्ट्झ आणि 400 मेगाहर्ट्झच्या लहरींत दीड ते दोन मिनिटांचं अंतर. एवढ्या विलंबापर्यंत शोध घेणारी संगणकप्रणाली दुर्बिणीला जोडलेली नसेल, तर स्फोट नोंदींत असूनही हाती लागणार नाही.