पाण्याचा मेसर: पृथ्वीपेक्षा मोठ्या दुर्बिणीची गोष्ट

1969 साली चार्ल्स टाउन्स आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या हॅट क्रीकची रेडिओ दुर्बीण मृगातल्या तेजोमेघाकडे वळवली. तिथे पाण्याच्या वाफेची 22.235 गिगाहर्ट्झची रेषा विलक्षण प्रखर सापडली. नुसत्या उष्णतेने एवढे तेज येत नाही. ऊर्जा मिळून वरच्या पातळीवर साचलेले रेणू जाणाऱ्या लहरीत आपली भर घालत जातात, म्हणजेच तो मेसर असतो. 1977 मध्ये एम 33 दीर्घिकेतही तो सापडला. पुढे काही दीर्घिकांच्या केंद्राशी त्याहून कितीतरी तेजस्वी मेगामेसर दिसू लागले.

सगळ्यांत बोलका ठरला तो एनजीसी 4258 या दीर्घिकेतला. 1993 मध्ये जपानच्या नोबेयामा येथील 45 मीटर दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला, तेव्हा मुख्य रेषेच्या दोन्ही बाजूंना, सेकंदाला सुमारे 1000 किलोमीटर वेगफरकावर, बारीक शिखरे उभी होती. म्हणजे एका बाजूचा वायू आपल्याकडे येत होता आणि दुसऱ्या बाजूचा दूर जात होता. 1995 मध्ये अमेरिकेतल्या व्हीएलबीए दुर्बीणजाळ्याने केंद्राभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीतल्या प्रत्येक मेसर-ठिपक्याची जागा मोजली. ग्रहांना लागू पडणाऱ्या केप्लरच्या नियमाने, केंद्रापासून दूर जाऊ तसे, वेग तंतोतंत घटत होते. मधोमध सुमारे 4 कोटी सूर्यांएवढे वस्तुमान निघाले. कृष्णविवराचा इतका स्वच्छ पुरावा तोवर क्वचितच मिळाला असेल.

पण ठिपक्यांच्या आत काय आहे? दूरदूरच्या दुर्बिणींचे सिग्नल एकमेकांशी जुळवले की त्या मिळून एका प्रचंड दुर्बिणीसारख्या काम करतात, आणि त्यांच्यातले अंतर जितके जास्त तितका तपशील बारीक दिसतो. त्यासाठी हे अंतर वाढवायला हवे होते, आणि जमिनीवर ते पृथ्वीच्या व्यासापाशी संपते. 1997 मध्ये जपानने रेडिओ दुर्बीण असलेला हाल्का उपग्रह सोडला, पण नेमकी 22 गिगाहर्ट्झचीच संवेदनशीलता फार घसरलेली निघाली. मेसर अभ्यासकांच्या हातून मोठी संधी गेली, याची हळहळ आजही वाटते.

जुलै 2011 मध्ये रशियाची 10 मीटरची स्पेक्टर-आर दुर्बीण बैकानूरहून झेपावली. तिच्यातले घड्याळही मेसरच होते, हायड्रोजनचे. एवढ्या लांबून सिग्नल जुळेल का, ही शंका रास्त होती. ठिपका मोठा असेल तर लांब अंतरावर तो विरून जातो. तरी एनजीसी 4258 चा सिग्नल सुमारे 3,40,000 किलोमीटर अंतरावर, जवळजवळ चंद्राएवढ्या लांबून, जुळला. भेदनक्षमता, म्हणजे वेगळा दिसू शकणारा सर्वांत बारीक कोन, होती 8 मायक्रोआर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग, आणि मायक्रो म्हणजे त्याचा दहा लाखावा). याच दुर्बिणीच्या निरीक्षणांत तबकडीतल्या तेजस्वी गाठी ठराविक अंतराने मांडलेल्या दिसल्या. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणाने त्यांचा संबंध चुंबकीय क्षेत्रामुळे फिरत्या वायूत उठणाऱ्या अस्थिरतेशी जोडला.