दूध, साबण आणि मोठे आतडे

सकाळी अनशापोटी अमुक पाणी प्या, मोठे आतडे धुऊन निघेल आणि कॅन्सर जवळ फिरकणार नाही, असा निरोप गेल्या महिन्याभरात मला तिघांनी पाठवला. एकाने त्यात लिंबू पिळायला सांगितले होते, दुसऱ्याने ते पाणी 'अल्कलाइन'च हवे असे बजावले होते. तिन्ही निरोपांमागे समजूत एकच: आपण जे पितो ते मोरीतल्या पाण्यासारखे सरळ खाली वाहत जाते आणि जाता जाता भिंती धुऊन काढते.

तसे होत नाही. आपण प्यायलेले पाणी आणि लाळ, जठररस, पित्त असे शरीरातलेच रस मिळून दिवसाला साधारण 9 लिटर द्रव आतड्यात उतरतो. त्यातला बहुतेक सगळा लहान आतडे शोषून घेते. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी पोचतो जेमतेम एक-दीड लिटर, आणि शौचावाटे बाहेर पडतात 100 ते 200 मिलिलिटर. अल्कलाइन पाण्याची आम्लारिता तर जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लापुढेच संपते. पुढे स्वादुपिंडाचा रस त्या आम्लालाही शांत करतो. पेल्यातल्या पाण्याचा सामू कितीही असो, मोठ्या आतड्यापर्यंत त्याचा मागमूस उरत नाही. 'डिटॉक्स' म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयांचा सगळा डोलारा या न तपासलेल्या समजुतीवर उभा आहे, आणि घाबरलेली माणसे त्यापायी पैसे घालवतात याचा मला मनापासून राग येतो.

पेय पोचले नाही तरी त्याचा परिणाम मात्र पोचतो, आणि तो आडवाटेने. दुधाची आडवाट मला सगळ्यात आवडते, म्हणून आधी तीच सांगतो.

शाळेत आपण दुष्फेन पाणी शिकलो. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, म्हणून साबण कितीही चोळला तरी फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला चिकट पांढरट थर बसतो. तो थर म्हणजे कॅल्शियमने पकडलेला साबण. पाण्यात न विरघळणारा, आणि म्हणूनच साबण म्हणून निकामी.

आता पित्ताकडे वळू. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. त्यांचे काम साबणाचेच: एक बाजू पाण्याकडे ओढणारी, दुसरी तेलाकडे, त्यामुळे जेवणातली चरबी बारीक थेंबांत फुटते आणि पचते. काम झाले की लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सुमारे 95 टक्के पित्ताम्ले परत शोषली जातात आणि यकृताकडे जातात. उरलेली 5 टक्के निसटून मोठ्या आतड्यात येतात. तिथले जिवाणू आधी त्यांना जोडलेला ग्लायसिन किंवा टॉरिनचा तुकडा तोडतात, मग काही मोजक्या जातींचे जिवाणू सातव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट काढून टाकतात. कोलिक आम्लाचे होते डीऑक्सिकोलिक आम्ल आणि कीनोडीऑक्सिकोलिकचे होते लिथोकोलिक. रेणूतला एवढासा बदल, पण पाण्याकडची ओढ घटते, तेलाकडची वाढते, आणि पेशीचे आवरण तर मेदाचेच बनलेले. हा साबण आता पेशींच्या भिंतींनाच भिडतो.

मोठ्या आतड्याच्या अस्तरात बोट दाबून खळगे पाडावेत तसे लक्षावधी सूक्ष्म खळगे असतात. प्रत्येकाच्या तळाशी मूलपेशी असतात. त्यांच्यापासून झालेल्या पेशी वर सरकत जातात आणि चार-पाच दिवसांत गळून पडतात. वरच्या पेशी वेळेआधीच मरू लागल्या तर भरपाईसाठी तळाशी विभाजनाचा वेग वाढतो. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल होते आणि प्रत्येक नकलेत चूक होण्याची शक्यता असते. अशी चूक पाचव्या गुणसूत्रावरच्या एपीसी जनुकाच्या दोन्ही प्रतींत झाली, की विभाजनाला असलेला मोठा लगाम सुटतो आणि अस्तरावर कोंब यावा तशी गाठ वाढू लागते. तिला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवीच राहतात. त्यातल्या एखाद्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षे किंवा अधिक काळ जातो.

दूध इथे उपयोगी पडते. त्यातले सगळे कॅल्शियम शोषले जात नाही, बराच भाग मोठ्या आतड्यापर्यंत येतो आणि तिथे पित्ताम्लांना व मेदाम्लांना पकडून त्यांचा न विरघळणारा गाळ करतो. बादलीत जे आपल्याला नको असते, तेच आतड्यात हवे असते. हॅरल्ड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना 1984 मध्ये मांडली.

2025 च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या 5,42,778 स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरासरी साडेसोळा वर्षांच्या काळात त्यांच्यापैकी 12,251 जणींना मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर झाला. आहारातल्या 97 गोष्टी तपासल्या, तेव्हा रोज 300 मिलिग्रॅम, म्हणजे मोठा पेलाभर दुधाइतके, जादा कॅल्शियम घेणाऱ्यांत धोका 17 टक्क्यांनी कमी दिसला. मथळ्यात 17 टक्के मोठे वाटतात, म्हणून मी हिशेब करून पाहिला. या पाहणीत हजारात सुमारे 23 जणींना हा आजार झाला, त्याचे 17 टक्के म्हणजे हजारात चारएक. आकडा खरा आहे, पण त्याचा आकार एवढाच आहे.

दूध पिणारी माणसे इतर बाबतींतही काळजी घेत असतील, अशी शंका इथे रास्त आहे. म्हणून त्याच संशोधकांनी मोठेपणीही दूध पचवू देणारा जनुकाचा प्रकार तपासला. तो जन्मतः मिळतो, व्यायामावर किंवा सिगारेटवर ठरत नाही. कलही त्याच दिशेचा निघाला. मात्र यावरून कॅल्शियमच्या गोळ्यांचे दुकान मांडू नये. अमेरिकेत 36,282 स्त्रियांना सात वर्षे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व किंवा नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या गेल्या, आणि या कॅन्सरच्या प्रमाणात फरक पडला नाही. सात वर्षे कमी पडली असतील, त्या स्त्रियांच्या आहारात आधीच पुरेसे कॅल्शियम होते हेही खरे, पण गोळीची जाहिरात करण्याइतका पुरावा तिथे मिळाला नाही.

दारूची वाट उलटी आहे. अल्कोहोल वरच शोषले जाते आणि रक्तावाटे मोठ्या आतड्यात झिरपते. तिथले जिवाणू त्यापासून ॲसिटाल्डिहाइड बनवतात. हा रेणू डीएनएला चिकटतो. यकृताकडे तो लगेच मोडून टाकणारी विकरे भरपूर असतात, मोठ्या आतड्यात ती क्षमता तोकडी पडते, त्यामुळे विष साचते. वर उल्लेखलेल्या पाहणीत रोज 20 ग्रॅम अल्कोहोलमागे धोका 15 टक्क्यांनी वाढलेला दिसला. रेड वाइन यातून सुटत नाही, कारण रंग कोणताही असो, इथेनॉल तेच.

गोड सरबते आणि शीतपेयांचे प्रकरण अजून ताजे आहे. त्यांतले थोडे फ्रुक्टोज (साखरेचा एक प्रकार) लहान आतडे स्वतःच पचवते, एकदम जास्त आले की उरलेले यकृताकडे आणि मोठ्या आतड्याकडे जाते. एपीसी बिघडवलेल्या उंदरांना माफक प्रमाणात फ्रुक्टोजयुक्त पाक दिला, तर लठ्ठ न होताही त्यांच्या गाठी मोठ्या झाल्या, असे 2019 मध्ये दिसले. अमेरिकी परिचारिकांच्या पाहणीत, दिवसाला दोन किंवा अधिक गोड पेये घेणाऱ्यांत पन्नाशीच्या आतल्या कॅन्सरचा धोका दुपटीहून जास्त आढळला. पण 95,464 जणींत अशा केस होत्या फक्त 109, तेव्हा या 'दुपटी'कडे जरा धीराने पाहायला हवे.

चहा-कॉफीबद्दल थोडक्यात. कॉफीवर 1991 पासून मूत्राशयाच्या कॅन्सरचा संशय होता, तो जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2016 मध्ये मागे घेतला. त्याच वेळी 65 अंश सेल्सियसच्या वरच्या कढत पेयांना 'बहुधा कॅन्सरकारक' ठरवले, पण तो धोका अन्ननलिकेचा. मोठ्या आतड्यापर्यंत कुठलाही घोट कढत राहत नाही.

एकदा उगवलेला पॉलिप यातल्या कोणत्याही पेयाने विरघळत नाही. तो कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे आतून तपासताना, तारेच्या फासाने कापून काढता येतो, त्याच बैठकीत. शौचातले न दिसणारे रक्त शोधणारी साधी चाचणीही असते. अमेरिकेत या तपासण्या सुरू करण्याचे वय 2021 मध्ये 50 वरून 45 वर आणले गेले. शौचातून रक्त जात असेल, कारण नसताना रक्तातले हिमोग्लोबिन घसरत असेल, तर वयाची वाट पाहायची नसते. मूळव्याध असेल असे म्हणत लोक त्यातच कित्येक महिने काढतात.